बदली परराज्यात : गुन्ह्यांचे आकडे कसे वाचावेत?

प्रश्न : माझ्या यजमानांची नाशिकहून बदली होत असून नोएडा आणि कोची यांपैकी एक ठिकाण आम्हाला पंधरवड्यात कळवायचे आहे. घरी चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत आणि मुलगी बारावीनंतरचे शिक्षण आम्ही जिथे जाऊ तिथे घेणार आहे. ‘मुलीला दिल्लीकडे नेऊ नका’ असे सर्व नातेवाईक सांगत आहेत. मी स्वतः सरकारी आकडेवारी पाहिली, तर तीत कोचीतील गुन्ह्यांचा दर दिल्लीपेक्षाही जास्त निघाला आणि गोंधळ वाढला. कशावर विश्वास ठेवावा? — सौ. अ. कु., नाशिक

उत्तर : आपण पाहिलेला आकडा खरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी देशातील गुन्ह्यांचा जो अहवाल प्रसिद्ध करतो, त्याच्या २०२३ सालच्या अंकात वीस लाखांहून अधिक वस्तीच्या १९ महानगरांमध्ये कोचीचा दर सर्वांत जास्त, दर लाख लोकसंख्येमागे तीन हजारांच्या वर आहे. त्याखालोखाल दिल्लीचा दर दोन हजारांच्या थोडा वर आहे आणि सर्वांत कमी, म्हणजे ८३.९ इतका दर कोलकात्याचा आहे. हे आकडे जसेच्या तसे घेतले, तर कोचीत राहणे कोलकात्यात राहण्यापेक्षा पस्तीस पटींहून अधिक धोक्याचे ठरेल. ही दोन्ही शहरे पाहिलेला कोणीही असे म्हणणार नाही. त्यामुळे हा आकडा नेमके काय मोजतो, हे आधी समजून घ्यावे लागते.

तो मोजतो पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे. जिथे किरकोळ तक्रारही नोंदवून घेतली जाते आणि बेदरकार वाहन चालवण्यासारख्या बाबींवरही गुन्हे दाखल होतात, तिथे आकडा फुगतो. जिथे तक्रारदाराला समजावून परत पाठवले जाते, तिथे तो आटोक्यात राहतो. केरळचे पोलीस नोंदणीच्या बाबतीत पुढे आहेत आणि नोंदवलेल्या गुन्ह्यांचा पाठपुरावाही करतात. २०२२ मध्ये भारतीय दंड संहितेखालील गुन्ह्यांत आरोपपत्र दाखल होण्याचे प्रमाण देशात सरासरी ७१.३ टक्के होते, तर केरळमध्ये ते ९६ टक्के होते. दिल्लीचा आकडा मोठा असण्यातही चोऱ्यांचा वाटा फार मोठा आहे आणि वाहनचोरीची तक्रार घरबसल्या नोंदवण्याची सोय तेथे २०१५ पासून आहे. गुन्ह्यांच्या नोंदी वाढणे आणि गुन्हे वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा खुद्द एनसीआरबी आपल्या अहवालात देते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र तो इशारा येत नाही.

दर काढताना भागाकार कशाने केला, तेही पाहिले पाहिजे. महानगरांसाठी अजूनही २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली जाते. जी शहरे त्यानंतर झपाट्याने वाढली, त्यांचा दर त्यामुळे वास्तवापेक्षा जास्त दिसतो. शिवाय एका घटनेत अनेक गुन्हे घडले असले, तरी त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. आणखी एक बाब आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. आपण जिथे जाण्याचा विचार करीत आहात, ते नोएडा त्या १९ शहरांच्या यादीत नाहीच. शेजारचे गाझियाबाद आहे. दिल्लीचा आकडा वाचून नोएडाविषयी मत बनवणे म्हणजे दुसऱ्या राज्याच्या, दुसऱ्या पोलीस दलाच्या नोंदी वाचणे होय. नोएडा उत्तर प्रदेशच्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात आहे आणि तेथे जानेवारी २०२० पासून पोलीस आयुक्तालय आहे.

राज्याराज्यांची तुलना करायचीच असेल, तर ती खुनांच्या आकड्यावर करावी, कारण खून दडपणे चोरी दडपण्याइतके सोपे नसते. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली, म्हणजे लाखामागे २.१. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात ३,४९१ आणि महाराष्ट्रात २,२९५ खून नोंदले गेले. लोकसंख्येने भागल्यास उत्तर प्रदेशचा दर सुमारे दीड येतो आणि आपल्या महाराष्ट्राचा सुमारे १.८. केरळचा दर एकपेक्षाही कमी आहे. आपल्या नातेवाइकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? अर्थात यालाही एक पुरवणी जोडणे भाग आहे. हुंडाबळी खुनांत धरले जात नाहीत, त्यांची मोजणी स्वतंत्र होते आणि त्या वर्षीच्या देशातील सुमारे ६,४५० हुंडाबळींपैकी २,१३८ एकट्या उत्तर प्रदेशातील होते. ही बाब त्या राज्यातील स्त्रियांच्या स्थितीबद्दल बरेच काही सांगते; मात्र महाविद्यालयात जाऊन संध्याकाळी आईवडिलांच्या घरी परतणाऱ्या मुलीच्या रोजच्या धोक्याबद्दल तिच्यातून फारसे कळत नाही.

हाच भेद स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या एकत्रित आकड्यालाही लागू पडतो. २०२२ मध्ये हा दर देशात लाख स्त्रियांमागे ६६.४ होता आणि दिल्लीत १४४.४. दुपटीहून जास्त असलेला हा आकडा आपल्या नातेवाइकांच्या भीतीला दुजोरा देतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु या एकाच आकड्यात रस्त्यावरील छेडछाडीपासून पती व सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेपर्यंत सर्व काही एकत्र असते आणि देशपातळीवर त्यातील सर्वांत मोठा हिस्सा, सुमारे ३१ टक्के, पती आणि सासरच्या क्रूरतेचाच आहे. आपल्या मुलीला त्यातील कोणता धोका संभवतो, हे वेगळे काढले, की चिंता कमी होईलच असे नाही, पण तिला दिशा मिळते.

म्हणून माझा सल्ला असा, की राज्य निवडण्याआधी घरातील तिघींचा एकेक दिवस कागदावर मांडावा : कोण, किती वाजता, कोणत्या रस्त्याने आणि कशातून जाणार. मुलीला दिल्ली विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि आपण नोएडाच्या मेट्रोलगतच्या सेक्टरमध्ये राहिलात, तर ती निळ्या मार्गिकेने राजीव चौक आणि तिथून पिवळ्या मार्गिकेने विश्वविद्यालय स्थानक असा प्रवास करील. मेट्रोतील सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे आणि धावण्याच्या दिशेने पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो. दिल्लीच्या परिसरातील प्रवासाचा हा सर्वांत भरवशाचा टप्पा आहे. खरा प्रश्न स्थानकापासून घरापर्यंतच्या शेवटच्या दीड-दोन किलोमीटरांचा असतो. ग्रेटर नोएडा वेस्टमध्ये, ज्याला तेथील लोक नोएडा एक्स्टेन्शन म्हणतात, त्याच भाड्यात एक खोली जास्त मिळते आणि दलाल आपल्याला आधी तिकडेच नेईल. पण तिथे अजून मेट्रो नाही आणि संध्याकाळी शेअर रिक्षावर अवलंबून राहावे लागते. मुलीच्या शिक्षणाची वर्षे तरी लहान घर आणि चालत गाठता येणारे स्थानक, हाच सौदा करावा असे मला वाटते.

कोचीतही मेट्रो आहे, २०१७ पासून. परंतु शहराचा विस्तार पाहता सर्वच महाविद्यालये तिच्या मार्गावर नाहीत, त्यामुळे तेथेही आधी महाविद्यालय आणि मग घर हा क्रम ठेवावा.

सासूबाईंचा विचार वेगळा करावा लागेल. दिवसभर घरी असणाऱ्या वृद्ध व्यक्तीला हल्ली सर्वांत मोठा धोका फोनवरून येतो. ‘तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगून पैसे उकळणाऱ्याला आपण नोएडात आहोत की नाशिकमध्ये, याने काहीच फरक पडत नाही. अशी अटक कायद्यात अस्तित्वातच नाही, हे त्यांना आजच समजावून सांगावे आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. पैसे गेल्यानंतर जितक्या लवकर या क्रमांकावर कळवाल, तितकी ती रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. दुसरा धोका घरी येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचा. घरकामासाठी कोणालाही ठेवताना पोलीस पडताळणी करून घ्यावी. उत्तर प्रदेशात ती यूपीकॉप या सरकारी अॅपवरून करता येते. येथे भाषेचा मुद्दा मात्र निर्णायक ठरू शकतो. शेजारणीला हाक मारण्यासाठी, औषधवाल्याशी आणि सोसायटीच्या पहारेकऱ्याशी बोलण्यासाठी सासूबाईंना नाशिकची मोडकीतोडकी हिंदी नोएडात पुरेल. कोचीत त्या बराच काळ मुक्या राहतील. मदत मागता येणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे आणि तो कोणत्याही तक्त्यात मोजला जात नाही. (त्यांना दम्याचा त्रास असेल, तर नोव्हेंबरातील दिल्लीची हवा कोणत्याही चोरापेक्षा घातक आहे. तो विषय या उत्तराच्या कक्षेबाहेरचा असला, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्णय कळवू नये.)

यजमानांना गाडीने कामावर जायचे असेल, तर त्यांच्यासाठी आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, म्हणजे खुनांच्या जवळजवळ सहापट. आपण नव्या शहरातील गुंडांची चौकशी करतो आणि हिवाळ्याच्या धुक्यात द्रुतगती मार्गावरून रोज गाडी हाकण्याचा करार न वाचता स्वीकारतो.

आता चौकशी कशी करावी, त्याविषयी. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानुसार, लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रत्येक एफआयआर साधारणपणे चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. आपण ज्या सेक्टरमध्ये घर पाहत असाल, तो कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतो हे विचारून घ्यावे आणि त्या ठाण्याचे गेल्या दोन-तीन महिन्यांचे एफआयआर उत्तर प्रदेश पोलिसांच्या संकेतस्थळावर वाचून काढावेत. केरळ पोलिसांच्या ‘तुणा’ या पोर्टलवरही एफआयआर मिळतात, परंतु ते मल्याळममध्ये असल्याने कोणाची तरी मदत घ्यावी लागेल. हे वाचन कंटाळवाणे आहे. पण मोबाइल हिसकावणे कोणत्या चौकात होते, बंद घरे कोणत्या सुट्टीत फुटतात आणि वाहने कुठून उचलली जातात, हे त्यातून जितके स्पष्ट होते, तितके कोणत्याही राज्याच्या क्रमवारीतून होत नाही. त्यानंतर घर पाहायला दोनदा जावे, एकदा दलालाबरोबर दिवसा आणि एकदा मुलीला घेऊन, ती परतेल त्या वेळी, स्थानकापासून चालत.

माझे मत विचाराल, तर गुन्ह्यांच्या भीतीपोटी नोएडा नाकारण्याचे कारण मला दिसत नाही आणि आकड्यामुळे कोची नाकारण्याचे तर मुळीच नाही. मुलीला दिल्लीत हवा तो अभ्यासक्रम मिळत असेल, तर नोएडा घ्यावे. तसे नसेल आणि सासूबाईंची तब्येत नाजूक असेल, तर कोची.

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची. माझी नोकरी गुरुग्रामला आहे आणि दक्षिण दिल्लीत पीजी घेतले आहे. रात्री परतताना वाटेत काही घडले, तर ती हद्द हरियाणाची की दिल्लीची, हे मला सांगताही येणार नाही. पोलीस एकमेकांकडे बोट दाखवतील अशी धास्ती वाटते. — कु. स. पा.

उत्तर : ती धास्ती निराधार नाही, पण कायदा आपल्या बाजूने आहे आणि तो पाठ असलेला बरा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी कोणत्याही ठाण्यात देता येते. तेथे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग करायचा असतो. आपल्याला दुसऱ्या राज्यात पिटाळायचे नसते. माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्याने नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवावे आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिताकुमारी खटल्यात स्पष्ट केले आहे. बलात्कार किंवा अॅसिड हल्ल्यासारख्या गुन्ह्यांची माहिती नोंदवून न घेणे हा स्वतःच भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली शिक्षेस पात्र गुन्हा आहे.

प्रत्यक्ष प्रसंगी हद्दीचा विचारच करू नये, ११२ लावावा. हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. परतीचा प्रवास मेट्रोची वेळ संपल्यानंतरचा असेल, तर घरपोच वाहनाची मागणी कंपनीकडे तोंडी न करता ईमेलने करावी.

दुसरी गोष्ट थोडी अप्रिय आहे. बलात्काराच्या नोंदवलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, असे एनसीआरबीचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तेव्हा रात्रीच्या रस्त्याइतकीच काळजी पीजीच्या निवडीत घ्यावी. खोलीच्या किल्ल्या आणखी कोणाकडे आहेत, मालकाचा मुलगा किंवा व्यवस्थापक न विचारता वर येतो का, आधी राहून गेलेल्या मुलींपैकी एखादीशी बोलता येईल का, हे विचारावे. भाडेकरू पडताळणीचा अर्ज मालक भरत नसेल, तर ते पीजी सोडावे. नवी दिल्लीत पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे. आडवेळी मुक्कामाची गरज पडू शकते, म्हणून तेथील चौकशी आधीच करून ठेवल्यास बिघडणार नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर सांगली सोडून गोव्यात, बार्देश तालुक्यात, एक जुने कौलारू घर विकत घेण्याचा विचार आहे. वर्षातील काही महिने मुलाकडे परदेशी जाऊ, तेव्हा घर बंद राहील. तिकडे चोऱ्यांचे प्रमाण कसे आहे? — एक वाचक

उत्तर : बंद घर फोडले जाण्याची शक्यता सांगलीतही आहे आणि म्हापशातही. बाहेर जाताना ठाण्यात कळवावे, शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी आणि दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत, यापलीकडे त्यावर फार बोलण्यासारखे नाही. आपल्याला ज्या गुन्ह्याची काळजी करायला हवी, तो वेगळाच आहे : आपण बाहेर असताना, किंवा आपण घेण्यापूर्वीच, ते घर कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर झालेले असणे.

गोव्यात अशी प्रकरणे इतकी झाली, की २०२२ मध्ये सरकारने जमीन बळकावण्याच्या तक्रारींसाठी पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले आणि त्यापाठोपाठ मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय चौकशी आयोगही बसवला. पद्धत साधारण अशी असते. मालक वारला आहे किंवा वारस परदेशी आहेत, अशी मालमत्ता हेरायची, पोर्तुगीज काळातील विक्रीपत्र असल्याचे भासवणारा बनावट दस्त तयार करून तो जुन्या दप्तरात घुसवायचा, त्याच्या आधारे उताऱ्यावर नाव चढवायचे आणि भराभर दोन-तीन वेळा विक्री करून शेवटी ती बाहेरच्या, घाईत असलेल्या माणसाच्या गळ्यात मारायची. जुने कौलारू घर शोधणारे, परदेशी ये-जा असणारे दाम्पत्य या साखळीच्या दोन्ही टोकांना बसू शकते, खरेदी करताना आणि नंतर मालक म्हणूनही.

महाराष्ट्रातील खरेदीची सवय येथे पुरी पडत नाही. सातबाऱ्याऐवजी तेथे एक-चौदाचा उतारा असतो आणि त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध झाली असे धरू नये. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या तेथील कौटुंबिक कायद्यानुसार पतिपत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते, म्हणून विकणाऱ्याबरोबर त्याच्या जोडीदाराची सही लागते. वडिलोपार्जित घर असेल, तर वारसांची वाटणी ‘इन्व्हेंटरी’च्या न्यायालयीन कार्यवाहीतून झाली आहे का, याची कागदपत्रे मागावीत. पोर्तुगीज भाषेतील जुने दस्त वाचू शकणारा स्थानिक वकील स्वतः निवडावा, विक्रेत्याने सुचवलेला घेऊ नये. विक्री मुखत्यारपत्रावर होत असेल, तर मूळ मालकाशी, तो लिस्बनला असला तरी, प्रत्यक्ष बोलल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये.

खरेदीनंतर फेरफार पूर्ण करून घ्यावा आणि परदेशी जाण्यापूर्वी तसेच परतल्यावर उताऱ्याची ताजी प्रत काढून पाहावी. आपल्या अनुपस्थितीत घर कोणाला राहायला दिलेत, ओळखीच्यांना का असेना, तर भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देऊन तिची पोच जपून ठेवावी.